९-६ पासून ४६-४१ पर्यंत: कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या पासवर सगळं का अडतं

५ नोव्हेंबर २०११ ला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, टस्कलूसा शहरात, एलएसयू (लुइझियाना स्टेट) आणि अलाबामा हे दोन विद्यापीठांचे अमेरिकन फुटबॉलचे संघ समोरासमोर आले. देशात एक पहिल्या क्रमांकावर, दुसरा दुसऱ्या. सामना जादा वेळेत गेला आणि एलएसयूने तो ९-६ असा काढला. पूर्ण सामन्यात एकही टचडाउन नाही, म्हणजे बॉल गोल रेषेपलीकडे कुणीच नेला नाही. सगळे गुण लाथेने मारलेल्या फील्ड गोलचे. आठ वर्षांनी, ९ नोव्हेंबर २०१९ ला, त्याच मैदानावर त्याच दोन संघांचा सामना झाला. एलएसयू ४६, अलाबामा ४१. एलएसयूच्या जो बरोने त्या दिवशी ३९३ यार्डांचे पास पूर्ण केले आणि अलाबामाच्या टुआ टागोवायलोआने ४१८ यार्डांचे.

मधल्या काळात बचाव करणारी मुलं दुबळी झाली नव्हती. अलाबामाचे कोच दोन्ही वेळी निक सेबनच होते, आणि बचाव बसवण्यात त्यांचा हात धरणारा माणूस त्या काळात शोधून सापडला नसता. बदलला होता तो बॉल पुढे न्यायचा रस्ता. आधी तो मुख्यतः जमिनीवरून जायचा, आता हवेतून जायला लागला होता. आणि हवेतून जाणारा जवळजवळ प्रत्येक बॉल एकाच माणसाच्या हातून सुटतो: क्वार्टरबॅकच्या.

ज्यांनी हा खेळ ओझरताच पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात नियम. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून थोडं जास्त रुंद. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार. चौथा प्रयत्न बहुतेक वेळा बॉल लाथेने लांब धाडण्यात किंवा फील्ड गोल मारण्यात जातो, म्हणजे हाताशी खरे तीनच. मधला लाइनमन पायांतून बॉल मागे देतो त्याला स्नॅप म्हणतात. तो बॉल क्वार्टरबॅककडे येतो. मग तो धावणाऱ्याच्या हातात देतो, स्वतः घेऊन पळतो किंवा पुढे पळालेल्या रिसीव्हरकडे फेकतो. एका चालीत पुढच्या दिशेने एकच पास टाकता येतो, आणि तोही स्नॅप जिथून झाला त्या रेषेच्या मागूनच.

जुन्या कोचांमध्ये एक म्हण होती: पास टाकला की तीनच गोष्टी होऊ शकतात, आणि त्यांतल्या दोन वाईट. पास हुकतो, किंवा समोरचाच तो झेलतो. दशकानुदशकं बहुतेक मोठे संघ याच हिशेबाने खेळले. या हिशेबात एक रकमच धरलेली नव्हती. पास टाकण्याच्या नुसत्या भीतीने समोरचे अकरा जण कुठे उभे राहतात, ती रक्कम. आधुनिक खेळाचं सगळं गणित तिथेच आहे.

आता हे गणित मैदानावर बघू. आक्रमणाच्या पुढच्या फळीत पाच लाइनमन असतात, आणि बऱ्याचदा सहावा, फळीच्या कडेला उभा राहणारा टाइट एंड. हे सहा जण वाट अडवणाऱ्यांना रोखतात. या फळीच्या समोर, साधारण पाच यार्डांच्या पट्ट्यात, बचावाचे जे खेळाडू उभे असतात ती जागा म्हणजे बॉक्स. बॉक्समध्ये सहा जण असतील तर सहाला सहा भिडले, आणि बॉल घेऊन पळणाऱ्याला मोकळी फट मिळते. सातवा आला की त्याला रोखायला कुणी उरत नाही. तो मोकळा सुटलेला माणूस धावणाऱ्याला दोन यार्डांत खाली पाडतो. आठवा आला तर लाइनमन कितीही दणकट असोत, दिवसभर भिंतीवर डोकं आपटल्यासारखं होतं.

सातव्या आणि आठव्या माणसाला बॉक्सबाहेर ठेवायचा खरा उपाय एकच. त्यांच्या पाठीमागे बॉल पडेल आणि झेलला जाईल, ही धास्ती. क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज फक्त लेगलाच मारतो हे कळलं की कर्णधार ऑफची माणसं उचलून लेगला आणतो. त्याच फलंदाजाने दोन-तीन चांगले कव्हर ड्राइव्ह काढले की फील्ड पुन्हा पसरतं, आणि मग त्याच्या लेगच्या फटक्यांनाही जागा मिळते. तसंच इथे. २०१९ च्या एलएसयूचं नाव पासमुळे झालं, पण त्याच हंगामात त्यांचा धावणारा क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर याने १,४१४ यार्ड काढले. बरोच्या धाकाने बचाव पांगलेला असायचा आणि याला मोकळं रान मिळायचं.

म्हणून पास टाकण्याची क्षमता म्हणजे पासच्या यार्डांची बेरीज, असं समजू नये. ती संपूर्ण आक्रमणाची जागा वाढवते.

क्षमता म्हणजे नेमकं काय

टेलिव्हिजनवर साठ यार्डांचा पास पाहून लोक हरखतात. पण दंडातली ताकद ही या कामातली सगळ्यात शेवटची गरज आहे. स्नॅपपासून बॉल हातातून सुटेपर्यंत साधारण अडीच सेकंद मिळतात. तेवढ्यात बचाव ओळखायचा, कुठे फेकायचं ते ठरवायचं, पाय जागेवर आणायचे आणि माणूस पोहोचण्याआधी त्याच्या जागी बॉल पोहोचवायचा. यातलं एक जरी चुकलं तरी दंडातली ताकद कामाला येत नाही.

बरोचंच पाहा. २०१८ मध्ये त्याने ३७९ पास टाकले, ५७.८ टक्के पूर्ण झाले, १६ टचडाउन. ठीकठाक. २०१९ मध्ये ५२७ पास, त्यांतले ४०२ पूर्ण, ५,६७१ यार्ड, ६० टचडाउन आणि फक्त ६ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी झेललेले पास. एका उन्हाळ्यात कुणाचा दंड एवढा वाढत नाही. झालं असं की न्यू ऑर्लीन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून जो ब्रेडी हा तरुण कोच पासचं काम बघायला आला, आणि संघाने एका चालीत पाच-पाच जणांना रिसीव्हर म्हणून पुढे सोडायला सुरुवात केली. बचाव पसरला की कुठे किती माणसं आहेत हे उघड दिसतं. बरोला ते वाचता येत होतं, त्याला वाचायला मिळतही गेलं. जमार चेस आणि जस्टिन जेफरसनसारखे रिसीव्हर समोर होते हेही खरं, आणि त्यांचं श्रेय काढून घ्यायचं कारण नाही. पण ६ इंटरसेप्शन हा आकडा डोळ्यांचा आहे, दंडाचा नाही.

काम सुरू होतं ते स्नॅपच्या आधीच. दोन चालींमध्ये ४० सेकंदांचं घड्याळ चालतं. २०२४ पासून कॉलेजच्या वरच्या गटात कोचला एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये बोलता येतं, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. पुढचं क्वार्टरबॅकने स्वतः बघायचं. सगळ्यात आधी सेफ्टी, म्हणजे बचावाचे सगळ्यात मागे उभे असलेले खेळाडू, मोजायचे. मैदानाच्या मधोमध खोलवर एकच सेफ्टी असेल तर बहुधा मधली जागा बंद आणि कडा उघड्या. दोन असतील तर दोघांच्या मधली भेग आणि दोन्ही कोपरे उघडे. हुशार बचाव दोन दाखवतो आणि स्नॅपबरोबर एक जण पुढे धावत येतो, त्यामुळे ही पहिली मोजणी कच्ची धरायची आणि बॉल हातात आल्यावर पहिल्या दोन पावलांत पक्की करायची.

एक चाल, जवळून

स्मॅश नावाची चाल शाळेच्या संघापासून व्यावसायिक संघापर्यंत सगळे खेळतात. उजव्या बाजूला दोन रिसीव्हर. बाहेरचा पाच-सहा यार्ड पळून वळतो आणि थांबतो. आतला दहा-बारा यार्ड सरळ जातो आणि तिथून तिरका, मैदानाच्या कडेकडे पळतो. म्हणजे एकाच पट्ट्यात एक जण खाली, एक वर.

या बाजूला बचावाचा कॉर्नर, म्हणजे कडेचा बचावपटू, उभा आहे. मागे सेफ्टी आहे, पण तो आत, लांब. क्वार्टरबॅकने फक्त त्या कॉर्नरकडे बघायचं. कॉर्नर मागे सरकला तर खाली थांबलेल्याला द्या, सहा यार्ड मिळाले. कॉर्नर खालच्याला चिकटला तर बॉल त्याच्या डोक्यावरून मागच्या मोकळ्या जागेत टाका, वीस यार्ड मिळाले. कॉर्नर एकटा आणि माणसं दोन. तो काहीही करो, चुकणारच.

कागदावर हे एवढं सोपं आहे. चुकतं कुठे ते पाहा. वरच्या रिसीव्हरने वळण घेतलं त्याच क्षणी बॉल हातातून सुटायला हवा. क्वार्टरबॅक तो मोकळा झालेला डोळ्यांनी दिसेपर्यंत थांबला, म्हणजे अर्धा सेकंद उशीर झाला, की आतला सेफ्टी पोहोचलाच समजा. बॉल सपाट फेकला तर कॉर्नर उडी मारून बोटं लावतो, आणि असा उडालेला बॉल कुणाच्याही हातात पडतो. फार उंच फेकला तर तो हवेत तरंगत राहतो आणि सेफ्टीला वेळ मिळतो. योग्य बॉल कॉर्नरच्या हातांच्या जेमतेम वरून जातो आणि रिसीव्हरच्या बाहेरच्या खांद्यावर, कडेच्या बाजूला उतरतो. तिथे एक तर आपला माणूस झेलतो, नाहीतर बॉल मैदानाबाहेर जातो.

आणि कसलेले कॉर्नर अजून एक खोडी करतात. ते ना वर जातात ना खाली. साधारण आठ यार्डांवर मध्येच रेंगाळतात आणि क्वार्टरबॅकने हात उचलला की तिकडे झेपावतात. याच्यावर उतारा म्हणजे खालच्या रिसीव्हरकडे खांदा वळवून फेकल्याची हूल द्यायची. कॉर्नर एक पाऊल पुढे आला की वरची जागा उघडते. दोन पावलांचा हा जुगार दर शनिवारी शेकडो वेळा खेळला जातो.

पाय आधी, हात नंतर

कॉलेजमध्ये क्वार्टरबॅक बहुतेक वेळा शॉटगनमध्ये, म्हणजे स्नॅपच्या जागेपासून सुमारे पाच यार्ड मागे उभा असतो. तिथून झटपट पासला एक पाऊल, मध्यम पल्ल्याला तीन, लांब पल्ल्याला पाच. ही पावलं म्हणजे घड्याळ आहे. तिसरं पाऊल टेकलं की पहिला रिसीव्हर वळलेला असायला हवा. तो झाकलेला असेल तर एक छोटी उडी पुढे, तेवढ्यात नजर दुसऱ्यावर. आणखी एक उडी, नजर तिसऱ्यावर. तिथेही काही नसेल तर जवळ उभ्या धावणाऱ्याकडे बॉल द्यायचा किंवा मैदानाबाहेर फेकून मोकळं व्हायचं. बाहेर फेकायलाही नियम आहे: क्वार्टरबॅक फळीच्या कडेच्या लाइनमनच्या बाहेर गेलेला असावा आणि बॉल स्नॅपच्या रेषेपर्यंत तरी पोहोचावा. नाहीतर दंड बसतो आणि एक प्रयत्नही जातो.

उजव्या हाताने फेकणाऱ्याचं तंत्र असं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट शिवणीच्या दोऱ्यांवर, तर्जनी बॉलच्या टोकाकडे, तळहात आणि बॉल यांत थोडी हवा. मागचा उजवा पाय घट्ट रोवायचा, डावा पाय छोटं पाऊल घेत निशाण्याच्या किंचित डावीकडे टेकवायचा, म्हणजे कंबर उघडते. आधी कंबर फिरते, मग खांदा, मग कोपर, शेवटी मनगट. बॉल कानाच्या वरून सुटतो आणि हात उलट्या बाजूच्या मांडीकडे उतरतो, अंगठा खाली.

चुकांची लक्षणं ओळखीची असतात. बॉल सतत रिसीव्हरच्या डोक्यावरून जात असेल तर पुढचं पाऊल फार लांब पडतंय; शरीर मागे रेलतं आणि बॉल वर उडतो. बॉल पायांत पडत असेल तर कोपर खांद्याच्या खाली घसरलंय. बॉल गिरक्या घेण्याऐवजी लटपटत जात असेल तर मुठीत तो फार घट्ट धरलाय. आणि फेकताना मागच्या पायावरच वजन राहिलं असेल, जे अंगावर कुणी येताना दिसलं की हमखास होतं, तर तो पास नुसत्या हाताचा असतो. मैदानाच्या मध्यभागी उशिरा आणि मागच्या पायावरून टाकलेला पास म्हणजे इंटरसेप्शनला आमंत्रण. माझ्या मते या एका सवयीने जितके सामने घालवले तितके कमकुवत दंडाने घालवले नाहीत.

लाइनमनांनी क्वार्टरबॅकभोवती केलेलं कोंडाळं म्हणजे पॉकेट. कडेने येणारे हल्लेखोर वळसा घालून सात ते नऊ यार्ड खोलवर पोहोचतात, कारण क्वार्टरबॅक तिथे सापडेल असा त्यांचा अंदाज असतो. म्हणून दबाव आला की मागे पळायचं नसतं, पुढे सरकायचं असतं. दोन पावलं पुढे घेतली की ते दोघे पाठीमागून निघून जातात. घाबरून दहा-बारा यार्ड मागे गेलेला क्वार्टरबॅक आपल्याच लाइनमनला अडचणीत आणतो. त्या बिचाऱ्याला पाठीमागे काय चाललंय ते दिसत नसतं. यातून होणाऱ्या सॅकचे, म्हणजे बॉल फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला मागे पाडण्याचे, तोटे कॉलेजच्या आकडेवारीत धावण्याच्या खात्यात मांडले जातात, पासच्या नाही. एखाद्या संघाचे धावण्याचे यार्ड फार कमी दिसले तर दोष धावणाऱ्याचा की बॉल धरून बसणाऱ्या क्वार्टरबॅकचा, हे आधी तपासावं.

कॉलेजच्या मैदानाची खासियत

व्यावसायिक एनएफएल आणि कॉलेज यांत फरक आहेत, आणि त्यांतले काही थेट पासशी निगडित आहेत.

पहिला फरक मैदानावरच्या दोन तुटक रेषांचा. चाल त्या दोन रेषांच्या दरम्यान कुठूनतरी सुरू होते. एनएफएलमध्ये या रेषा एकमेकींपासून साडेअठरा फूट आहेत, कॉलेजमध्ये ४० फूट. म्हणजे कॉलेजमध्ये बॉल डाव्या रेषेवर असेल तर डावीकडे २० यार्ड आणि उजवीकडे ३३ यार्डांहून थोडं जास्त मैदान उरतं. एक बाजू अरुंद, एक अघळपघळ. आता रुंद बाजूच्या कडेजवळ, बारा यार्ड पुढे टाकायचा पास घ्या. क्वार्टरबॅक सात यार्ड मागे उभा आहे, रिसीव्हर तीस यार्ड बाजूला. तिरकं अंतर मोजलं तर बॉलला सुमारे ३५ यार्ड हवेतून जायचंय, म्हणजे दीड सेकंदाच्या आसपास. आकडेवारीत तो बारा यार्डांचा पास म्हणून नोंदला जातो. हा पास ज्याला जमतो त्याच्यासमोर बचावाला पूर्ण रुंदी झाकावी लागते. ज्याला जमत नाही त्याची रुंद बाजू बचाव सोडूनच देतो, आणि तिथला माणूस येतो बॉक्समध्ये. दंड खरोखर कुठे लागतो, तर इथे.

दुसरा फरक लाइनमनांचा. पास टाकायचा असेल तर लाइनमन पुढे किती जाऊ शकतात यावर मर्यादा आहे: एनएफएलमध्ये एक यार्ड, कॉलेजमध्ये तीन. त्या जादा दोन यार्डांवर एक अख्खी शैली उभी आहे, तिला आरपीओ (रन-पास ऑप्शन) म्हणतात. लाइनमन धावण्याच्या चालीसारखेच पुढे घुसतात. क्वार्टरबॅक बॉल धावणाऱ्याच्या पोटाशी धरतो आणि एका लाइनबॅकरवर, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीमागे उभ्या खेळाडूवर, नजर ठेवतो. तो धावणाऱ्याला अडवायला पुढे आला की बॉल ओढून घ्यायचा आणि त्याने सोडलेल्या जागेत, तिरक्या येणाऱ्या रिसीव्हरच्या छातीवर फेकायचा. तो जागीच थांबला तर बॉल धावणाऱ्याकडे सोडायचा. एका सेकंदाचा निर्णय. बॉल क्षणभर जास्त धरला की लाइनमन चार-पाच यार्ड पुढे गेलेले असतात आणि पाच यार्डांचा दंड लागतो. इथे तीन पावलांचं सुरेख तंत्र वापरायला सवड नसते. वेड्यावाकड्या पायांवरून, मनगटाच्या झटक्याने बॉल काढता यावा लागतो.

शिवाय कॉलेजमध्ये झेल पकडताना एक पाय मैदानात टेकला तरी चालतो, एनएफएलमध्ये दोन लागतात. कडेवरच्या पासला त्यामुळे पाऊलभर जास्त जागा मिळते. आणि हंगामात सरावाला आठवड्याचे २० तासच मिळतात, कारण ही मुलं विद्यार्थी आहेत. म्हणून चाली कमी आणि पक्क्या असाव्या लागतात.

हे इथवर कसं आलं

पुढे पास टाकायला परवानगी मिळाली १९०६ मध्ये. सुरुवातीला नियम इतके जाचक होते की कुणालाही न लागता बॉल जमिनीवर पडला तर तो प्रतिस्पर्ध्याला मिळायचा. १९१३ मध्ये नोटर डेमने आर्मीला (लष्करी अकादमीच्या संघाला) ३५-१३ हरवलं ते गस डोरेसने नूट रॉकनीकडे टाकलेल्या पासच्या जोरावर, आणि पासकडे बघायची नजर बदलली. तरी पुढे कित्येक दशकं मोठे संघ धावतच जिंकले. १९६८ मध्ये टेक्सासने आणलेल्या विशबोन रचनेत क्वार्टरबॅक हा मुळात धावणाराच होता. १९९० च्या दशकातलं नेब्रास्काही त्याच जातीचं.

पासवाल्यांचा प्रवाह बाजूने वाहत होता. युटामधल्या बीवाययूमध्ये लाव्हेल एडवर्ड्स १९७२ पासून पासवर संघ बांधत होते आणि १९८४ मध्ये त्यांनी राष्ट्रीय विजेतेपदही घेतलं. त्यांच्या चालींचा अभ्यास करून हॅल मुमी आणि माइक लीच यांनी १९८९ पासून आयोवा वेस्लियन नावाच्या छोट्या कॉलेजात एअर रेड पद्धत घडवली. मोजक्या चाली, त्याच त्या, शेकडो वेळा घोटून. लाइनमन एकमेकांपासून लांब उभे करायचे, म्हणजे कडेने येणाऱ्याला वळसा मोठा पडतो. ज्यांना दणकट खेळाडू मिळत नाहीत अशा संघांसाठी हे वरदान ठरलं. लीच पुढे टेक्सास टेकला गेले आणि २००३ मध्ये त्यांच्या क्वार्टरबॅकने, बी. जे. सायमन्सने, एका हंगामात ५,८३३ यार्ड टाकले. २०१६ मध्ये त्याच टेक्सास टेकच्या पॅट्रिक महोम्सने ओक्लाहोमाविरुद्ध ७३४ यार्ड टाकले आणि संघ ६६-५९ असा हरला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

श्रीमंत संघांनी ही विद्या उचलली तेव्हा खेळ खरा पालटला. पुरावा एकाच कोचच्या दोन अंतिम सामन्यांत आहे. जानेवारी २०१० मध्ये सेबनच्या अलाबामाने टेक्सासला ३७-२१ हरवलं; क्वार्टरबॅक ग्रेग मॅकेलरॉयने ११ पास टाकले, ६ पूर्ण, ५८ यार्ड. जानेवारी २०२१ मध्ये सेबनच्याच अलाबामाने ओहायो स्टेटला ५२-२४ हरवलं. मॅक जोन्सने ४५ पैकी ३६ पास पूर्ण केले, ४६४ यार्ड, ५ टचडाउन. तोच माणूस, तीच टोपी.

म्हणून आज संघ असा क्वार्टरबॅक मिळेल तिथून आणतात. २०१७, २०१८ आणि २०१९ या सलग तीन वर्षांचे हाइजमन ट्रॉफीचे, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्काराचे, मानकरी, बेकर मेफील्ड, कायलर मरी आणि बरो, तिघेही दुसऱ्या विद्यापीठातून आलेले होते.

आकडे कसे वाचायचे

कॉलेजचं पासिंग रेटिंग काढायचं सूत्र १९७९ पासून एकच आहे. यार्डांना ८.४ ने गुणा, टचडाउनला ३३० ने, पूर्ण पासांना १०० ने. तिन्हींची बेरीज करा, इंटरसेप्शनला २०० ने गुणून वजा करा, आणि एकूण टाकलेल्या पासांनी भागा. बरोचं २०१९ चं बघू: ४७,६३६ अधिक १९,८०० अधिक ४०,२००, वजा १,२००, भागिले ५२७. येतात २०२. त्याचंच २०१८ चं १३३.२. हे सूत्र बेतलं होतं १९६५ ते १९७८ च्या सरासरीला १०० मिळतील असं. आज १०० रेटिंगवाल्याला मोठ्या संघात जागा टिकवणं कठीण आहे, यावरून वाटचालीचा अंदाज यावा.

पण रेटिंगलाही मर्यादा आहेत. रेषेच्या मागेच बाजूला दिलेला छोटा स्क्रीन पास आणि दोन बचावपटूंच्या मधून काढलेला वीस यार्डांचा पास, दोन्ही पूर्ण पास म्हणून सारखेच मोजले जातात. सॅक यात येतच नाहीत. रिसीव्हरच्या हातातून उडालेला बॉल समोरच्याने झेलला तर तो क्वार्टरबॅकच्या माथी बसतो. म्हणून मला तिसऱ्या प्रयत्नातले पास बघायला जास्त आवडतं, सात किंवा जास्त यार्ड हवे असतानाचे. तिथे बचावाला माहीत असतं की पास येणार. तरीही तो पूर्ण होत असेल तर त्या मुलात दम आहे.

पास सगळीकडे जिंकतोच असं मात्र नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मिशिगनने पेन स्टेटला २४-१५ हरवताना सलग ३२ चाली धावूनच काढल्या. दोन महिन्यांनी अंतिम सामन्यात त्यांनी ३०३ यार्ड धावून वॉशिंग्टनला ३४-१३ हरवलं, आणि वॉशिंग्टनकडे मायकेल पेनिक्ससारखा अव्वल पास टाकणारा होता. त्या रात्री त्याचा पॉकेट टिकला नाही आणि दोन इंटरसेप्शन झाले. पण मिशिगनच्या जे. जे. मॅकार्थीने त्या हंगामात ७२.३ टक्के पास पूर्ण केले होते. त्याला कमी वापरलं, तरी त्याला मोकळं सोडायची हिंमत कुणाला नव्हती. आर्मीसारखा संघ आजही धावूनच सामने जिंकतो, पण पंधरा-वीस गुणांनी मागे पडल्यावर अशा संघाकडे परतायला जलद रस्ता उरत नाही.

मागे पडल्यावर काय होतं ते ८ जानेवारी २०१८ ला अटलांटात दिसलं. राष्ट्रीय अंतिम सामना, अलाबामा विरुद्ध जॉर्जिया. अलाबामाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स धावण्यात पटाईत, सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांपैकी २५ जिंकलेला. पण मध्यंतरापर्यंत ८ पैकी ३ पास, २१ यार्ड, आणि संघ १३-० ने मागे. जॉर्जियाने बॉक्स भरला होता आणि तो रिकामा करायला भाग पाडेल असं काही घडत नव्हतं. मध्यंतरानंतर सेबननी पहिल्या वर्षाच्या टुआला आणलं. बॉल हवेत जायला लागला, बचाव मागे सरकला, आणि सामना २०-२० वर बरोबरीत आला.

जादा वेळेत जॉर्जियाने आधी फील्ड गोल मारून २३-२० अशी आघाडी घेतली. टुआच्या पहिल्याच चालीवर वर सांगितलेली चूक घडली: दबाव आला, तो पुढे सरकायच्या ऐवजी मागे पळाला, आणि सॅकमध्ये १६ यार्ड गेले. आता दुसरा प्रयत्न, २६ यार्ड पाहिजेत, गोल रेषा ४१ यार्डांवर. अलाबामाने चार रिसीव्हर सरळ वर सोडले. जॉर्जियाचे दोन सेफ्टी खोलवर, दोघांकडे अर्धं-अर्धं मैदान. टुआला जायचं होतं डावीकडे, डेव्हॉन्टा स्मिथकडे, पण स्नॅप झाल्यावर तो आधी उजवीकडे बघत राहिला. डावीकडचा सेफ्टी त्या नजरेने मध्येच अडकला. कॉर्नरने स्मिथला मागच्या सेफ्टीच्या भरवशावर सोडून दिलं. टुआने मान वळवली, पाय रोवले आणि फेकलं. स्मिथने बॉल झेलला तेव्हा सेफ्टी अजून वाटेतच होता. २६-२३.